गेट नंबर तीन, पहाटे साडेचार

ऐरोलीत, कंपनीच्या गेटबाहेर गाडी लावून
मी बेसबॉल बघतो. हसायचं तर हसून घ्या.
टपरीवाला सुभान रोज हसतो,
आणि चहात आलं जास्त घालतो.

माझा संघ सत्त्याण्णव सामने हरलाय.
गणिताने तो श्रावणातच बाहेर पडला.
आता पितृपक्ष चालू आहे आणि अजून सहा उरलेत.
शंभरी गाठेल बहुतेक. आमच्या गावात शंभरीला
शाल, नारळ देतात.

सहा सामने, ज्यांचं कुणालाच काही पडलेलं नाही.
मला हेच आवडतात.

रविवारी मेव्हण्याने वाशीला सिनेमा दाखवला.
नायक एकदाही चुकला नाही.
मध्यंतराला मी पॉपकॉर्न आणतो म्हणून उठलो
आणि पार्किंगमध्ये गाडीचा आरसा पुसत बसलो.
ज्याच्या हातून झेल सुटतच नाही
त्याचं पुढे काय होतं, यात बघायचं काय?

त्यापेक्षा आमचा सत्तेचाळीस नंबर बघा.
अडतीस वर्षांचा. खांदा गेलेला.
चेंडू फेकण्याआधी टोपी काढतो,
आत काहीतरी वाचतो, पुन्हा घालतो.
काय लिहिलंय ते कॅमेरा दाखवत नाही.
माझं मत : काही लिहिलेलं नाही.
माणसाला मान खाली घालायला एक निमित्त लागतं.

खेळ शिकवला शाल्मली टिपणीसने,
मागच्या सीटवर, घणसोली ते ऐरोली, रोज अकरा मिनिटं.
ती तिकडच्याच दवाखान्यांची बिलं तपासायची.
म्हणाली, दादा, लगोरी, लंगडी आणि विटीदांडू एकत्र करा
आणि वर हिशेबाला एक कारकून बसवा, झालं.
कारकून चुकासुद्धा लिहितो.
धावांच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या आकड्यात.
मी विचारलं, पुसतात कधी?
दुसऱ्या दिवशी, म्हणाली.

मार्चमध्ये त्यांचा अख्खा मजला बंद झाला.
तिचं एक पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात राहिलं,
ठाण्याच्या वाचनालयाचा शिक्का,
परतीची तारीख एकवीस मार्च.
रहस्यकथा आहे. खून कुणी केला
ते मला साठाव्या पानावर कळलं,
लेखकाला दोनशे बाराव्यापर्यंत कळलेलं नाही.
तरी मी रोज चारच पानं वाचतो.
दंड किती झाला असेल, विचारायला गेलो नाही.

आता गाण्याचं. बाबांच्या भजनी मंडळाच्या पेटीत
काळी तीन मुकी होती.
त्या जागेवर बाबा श्वास घ्यायचे.
अख्खं मंडळ तिथेच श्वास घ्यायला शिकलं.
मग आमदारनिधीतून नवी पेटी आली,
तो सूर वाजला,
आणि बाबा दचकून थांबले.
पुढची ओळ सापडेपर्यंत चकवा टाळ एकटाच वाजत होता.
उद्या त्यांची तिथी. वाडी ठेवायची आहे.
आमच्या गच्चीवर कावळा पहिल्या हाकेला येतो,
बाबा कधीच आले नाहीत.

सातव्या डावात सत्तेचाळीसने टोपी काढली,
आत बघितलं, आणि चेंडू सरळ
फलंदाजाच्या बरगडीत मारला.
प्रशिक्षक आला, चेंडूसाठी हात पुढे केला.
हा निर्णय चूक होता. फळ्यावर तो कुणी लिहिला नाही.

साडेसात. शिफ्ट सुटली.
अकरावा डाव, बरोबरी.
या खेळात बरोबरीवर थांबत नाहीत,
कुणाला काही नको असलं तरी
कुणीतरी जिंकावंच लागतं.

नवा पोरगा मागे बसला. अंगावर ओळखपत्र उलटं.
गाडी सुरू करायची म्हणून मी फोन त्याच्या हातात दिला.
धर. रबाळ्यापर्यंत बघ आणि सांगत राहा.
काय सांगू, काका?
तिसऱ्या पाटावर एक जण उभा आहे ना,
मळक्या गुडघ्यांचा?
तो घरी पोचला का, तेवढं सांग.